ट्रेव्ही कारंजं सगळ्यांनी पाहिलंय, पण त्याच्या मागचा वाडा कुणाचा?

तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी युरोप टूर करून आलेलंच असेल. त्यांचा रोमचा अल्बम उघडा. कोलोसियम झालं की पुढचा फोटो ठरलेला असतो. कारंज्याकडे पाठ, उजव्या हातात नाणं आणि ते डाव्या खांद्यावरून मागे फेकतानाची पोझ. असं नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. हे ट्रेव्ही कारंजं. सुमारे २६ मीटर उंच आणि जवळपास ४९ मीटर रुंद. रोममधलं सगळ्यात मोठं बरोक कारंजं, आणि बहुधा जगातलं सगळ्यात जास्त फोटो निघालेलं.

आता तोच फोटो जरा झूम करून बघा. पाणी, घोडे, मधला दाढीवाला देव हे सगळं सोडा आणि दोन्ही कडांकडे जा. खिडक्या दिसतायत? एकावर एक ओळीने, शटर लावलेल्या, अगदी घराला असतात तशा खिडक्या. कारंज्याला खिडक्या कशाला लागतील?

कारण ते नुसतं कारंजं नाहीच. एका मोठ्या इमारतीच्या अंगावर ते चढवलेलं आहे. त्या इमारतीचं नाव पलाझो पोली. आपल्याकडे पलाझो म्हटलं की घेरदार पँट आठवते, पण इटालियनमध्ये पलाझो म्हणजे मोठी, भारदस्त वास्तू. इंग्रजीतून येताना त्याचा 'राजवाडा' होतो आणि तिथे आपली थोडी फसगत होते, कारण इथे कुणी राजा राहत नव्हता. याला मराठीत नेमका शब्द आहे: वाडा. सरदाराचा असतो तसा, शहराच्या मध्यात, चौकाचा, चार पिढ्यांत वाढत गेलेला. या वाड्याचा मधला भाग जवळपास तीनशे वर्षांपूर्वी पाडला गेला, त्याचा दर्शनी चेहरा कारंज्याने घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहणारी बहुतेक माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात.

पाणी आधीचं, वाडा नंतरचा

या चौकातल्या पाण्याची गोष्ट वाड्यापेक्षा खूप जुनी. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा याने इ.स.पू. १९ मध्ये 'अक्वा विर्गो' नावाची जलवाहिनी रोममध्ये आणली. लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि बहुतेक सगळी जमिनीखालून. नावाचा अर्थ 'कुमारिकेचं पाणी'. तहानलेल्या सैनिकांना एका मुलीने झरा दाखवला, अशी आख्यायिका त्यामागे आहे. साम्राज्य बुडालं, शहर ओस पडलं, बाकीच्या जलवाहिन्या कोरड्या पडल्या, पण ही कशीबशी तग धरून राहिली. १४५३ मध्ये पोप निकोलस पाचवा याने ती दुरुस्त करून घेतली आणि तिच्या टोकाला एक साधं कुंड बांधलं. तेच ट्रेव्हीचं पहिलं रूप.

१७ व्या शतकात पोप अर्बन आठवा याला ते फारच साधं वाटलं. त्याने बर्निनी या त्या काळच्या सगळ्यात नामांकित शिल्पकाराला कामाला लावलं. पैशासाठी दारूवर कर बसवला, लोकांनी शिव्या घातल्या आणि १६४४ मध्ये पोपच वारला. काम तिथेच थांबलं. पण एक गोष्ट होऊन गेली होती. बर्निनीने कारंज्याची जागा चौकाच्या दुसऱ्या बाजूला हलवली होती, पोपच्या क्विरिनाल महालाकडे तोंड करून. आणि या नव्या जागेच्या मागे चेरीच्या ड्यूकांचा वाडा होता.

याच शतकाच्या उत्तरार्धात हा वाडा कोंती घराण्याकडे आला. कोंती म्हणजे रोमच्या जुन्या, मातब्बर घराण्यांपैकी एक. मध्ययुगातला अतिशय प्रबळ पोप इनोसंट तिसरा याच कुळातला. रोमच्या पूर्वेला पोली नावाचं गाव आहे, तिथली जहागिरी यांची, म्हणून हे पोलीचे ड्यूक आणि वाड्याचं नाव पलाझो पोली. १७२१ मध्ये या घराण्यातला मिकेलांजेलो कोंती (चित्रकार मिकेलांजेलोशी याचा काही संबंध नाही) इनोसंट तेरावा या नावाने पोप झाला. घरातला माणूस पोप झाला की त्या काळी रोममध्ये घराण्याचे दिवस पालटत. कोंतींनी आजूबाजूची घरं घेऊन वाडा वाढवत नेला. जुन्या कुंडाच्या मागची सगळी बाजू आपल्या भिंतीने व्यापायची, असा त्यांचा विचार होता.

पण इनोसंट तेरावा तीनच वर्षांत वारला. त्यानंतरचा पोपही १७३० मध्ये गेला, आणि गादीवर आला क्लेमेंट बारावा.

अंध पोप आणि लॉटरीचा पैसा

क्लेमेंट बारावा निवडून आला तेव्हा ७८ वर्षांचा होता. फ्लोरेन्सच्या श्रीमंत कोर्सिनी घराण्यातला, पुस्तकांचा आणि कलावस्तूंचा शौकीन. तिजोरीत खडखडाट होता, म्हणून त्याने आधीच्या पोपने बंद केलेली लॉटरी १७३१ मध्ये पुन्हा सुरू केली. त्यातून आलेल्या पैशावर शहरात बांधकामांचा धडाका लागला. आज ज्या कारंज्यात लोक नशीब आजमावायला नाणी टाकतात, त्याच्या पायाखाली लोकांनी लॉटरीत घालवलेली नाणी आहेत, हे मला तरी फार गमतीचं वाटतं.

नव्या कारंज्यासाठी स्पर्धा झाली. फ्लोरेन्सचा अलेस्सांद्रो गॅलिलेई ती जिंकला होता, पण रोमकरांनी 'बाहेरचा माणूस नको' म्हणून ओरड केली आणि काम रोमच्या निकोला साल्वीला मिळालं, असं सांगतात. १७३२ मध्ये काम सुरू झालं. आणि त्याच वर्षी पोप क्लेमेंटची दृष्टी पूर्ण गेली. ज्याच्या नावाने हे कारंजं ओळखलं जातं, त्याला त्यातला एकही दगड रचलेला दिसला नाही.

साल्वीच्या आराखड्याला एक अडचण होती. आधीच्या बहुतेक कारंज्यांसारखं हे चौकाच्या मधोमध उभं राहणार नव्हतं. त्याला एक भलीमोठी भिंत हवी होती. विजयाच्या कमानीसारखी मधली रचना, तिच्यात समुद्रदेव ओशियानस, आणि त्याच्या पायातून कोसळणारं पाणी. अशी भिंत उभारायला जागा एकच होती, ती म्हणजे कोंतींच्या वाड्याची दर्शनी बाजू.

म्हणून वाड्याचा मधला भाग पाडण्यात आला. उजवं-डावं अंग राहिलं आणि मधल्या मोकळ्या जागेत कारंज्याची भिंत उभी राहिली. पोपच्या राज्यात पोपला नाही कोण म्हणणार? त्यात आपल्या घरातला पोप जाऊन आठ वर्षं झालेली.

आता साल्वीची हुशारी बघा. नुसतं मध्ये कारंजं घुसवलं असतं तर दोन तुकडे झालेलं घर उघडं पडलं असतं. त्याने दोन्ही मुख्य मजल्यांना एकत्र बांधणारे उंचच उंच अर्धस्तंभ भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेले. मधोमध त्यांचे पूर्ण खांब केले आणि तिथली भिंत पुढे आणली. त्यामुळे समोरून बघणाऱ्याला वाडा आणि कारंजं वेगळे दिसतच नाहीत. वाडा संपतो कुठे आणि कारंजं सुरू होतं कुठे, हे समोर उभं राहूनही चटकन सांगता येत नाही. खाली तर त्याने कमालच केली. खडक भिंतीवर चढत जातात, दगडातच कोरलेली अंजिराची झाडी फटीतून डोकावते, आणि उजव्या कोपऱ्यावरचा अर्धस्तंभ ढासळून खडकात मिसळतोय असं वाटतं. ती पडझड खोटी, छिन्नीने केलेली. ज्या घराचं मधलं अंग खरोखर पाडलं, त्याच्याच कोपऱ्यावर पडझडीचा देखावा.

उजव्या बाजूच्या कठड्यावर एक मोठा दगडी कलश आहे. तिथे एका न्हाव्याचं दुकान होतं, तो साल्वीच्या कामावर सारखी टीका करायचा, म्हणून साल्वीने त्याच्या दुकानासमोर हा कलश ठेवून त्याला दिसायचंच बंद केलं, अशी रोमकरांची आवडती गोष्ट आहे. पत्त्यांतल्या आकारावरून ते त्याला 'कपाचा एक्का' म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, कलश खरा आहे.

साल्वी १७५१ मध्ये गेला. काम पुढे जुझेप्पे पान्नीनीने नेलं, मधला ओशियानस पिएत्रो ब्राच्चीने घडवला, आणि २२ मे १७६२ रोजी कारंजं पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तोपर्यंत तिसरा पोप गादीवर होता. भिंतीवर तिघांचीही नावं कोरलेली आहेत. सगळ्यात वर क्लेमेंट बारावा, १७३५ सालासकट. त्याखाली 'पूर्ण केलं' असं म्हणणारा बेनेडिक्ट चौदावा. आणि त्याच्याही खाली, शिल्पं बसवून काम खरोखर संपवलं असं सांगणारा क्लेमेंट तेरावा. आपल्याकडच्या उद्घाटनाच्या पाट्यांची सवय असलेल्याला हे सगळं फार ओळखीचं वाटेल. घर ज्यांचं होतं त्या कोंतींसाठी मात्र अशी पाटी नाही.

मागच्या खोल्यांत राहिलेली माणसं

एवढं होऊनही वाडा मेला नाही. पुढे अठराव्या शतकाच्या अंगाचा आणि मागे जुन्या भिंतींचा असा तो वापरात राहिला. १९ व्या शतकात कोंती घराण्याचा वंश संपल्यावर त्याची मालकी इतर सरदार घराण्यांकडे गेली आणि खोल्या भाड्यानेही दिल्या जाऊ लागल्या. रोमच्या इतिहासात हा वाडा खरा लक्षात राहावा तो या काळासाठी.

१८१६ मध्ये जुझेप्पे जोआकिनो बेल्ली नावाच्या गरीब कारकुनाने एका सधन विधवेशी लग्न केलं आणि तो तिच्या घरी, म्हणजे या वाड्यात, राहायला आला. आता कमाईची काळजी मिटली. बेल्ली रिकामा वेळ मिळाल्यावर काय करू लागला? रोमच्या गल्ल्यांतली भाषा ऐकू लागला. मासेवाल्या, नोकर, भिकारी, पाद्री, गाडीवान, बाजारबसव्या बायका, ही सगळी माणसं जशी बोलायची तशाच बोलीत त्याने सुनीतं लिहिली. थोडीथोडकी नाही, २,२७९. त्यांत पोपची टर आहे, उपाशी आयांची रड आहे, शिव्या आहेत, आणि एका अख्ख्या शहराचा आवाज आहे. शुद्ध इटालियनचा मान असलेल्या काळात हे सगळं बोलीत लिहिणं म्हणजे काय, हे मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी घरात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

छापायची सोय नव्हती. पोपच्या राज्यात पोपवर विनोद छापणार कोण? तो मित्रमंडळींत वाचून दाखवायचा. १८३७ मध्ये बायको वारली आणि पैशाची ओढाताण सुरू झाली, तेव्हा त्याला वाडा सोडावा लागला. उतारवयात तर तो इतका बदलला की त्याने सगळी सुनीतं जाळून टाका असं सांगून ठेवलं. ती ज्याच्याकडे ठेवायला दिली होती तो विन्चेन्झो तित्झानी हा स्वतः चर्चचा मोठा पदाधिकारी होता. त्याने ती जाळली नाहीत. म्हणून आज आपल्याकडे १९ व्या शतकातल्या साध्या रोमकराचं बोलणं शिल्लक आहे.

त्याच सुमारास वाड्यात आणखी एक बिऱ्हाड होतं: रशियन राजकुमारी झिनाइदा वोल्कोन्स्काया. गायिका, कवयित्री, मॉस्कोत पुश्किनसारख्यांची मैफल भरवणारी. कॅथलिक झाल्यावर ती १८२९ मध्ये रोमला आली आणि १८३० च्या दशकात पलाझो पोलीत तिचा दिवाणखाना रशियन चित्रकार-लेखकांचा अड्डा झाला. तिथे येणाऱ्यांत एक होता निकोलाय गोगोल. त्याने इथे बेल्लीला त्याची सुनीतं वाचताना ऐकलं आणि इतका भारावला की १८३९ मध्ये बोटीवर भेटलेल्या सेंत-बव या फ्रेंच समीक्षकाला त्याने त्याच्याबद्दल भरभरून सांगितलं. रोमबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेल्या या कवीचं नाव फ्रान्सपर्यंत पोचलं ते असं.

गोगोलने याच वाड्यात आपलं 'इन्स्पेक्टर जनरल' नाटकही वाचून दाखवलं होतं. नाव ओळखीचं वाटलं का? पु. ल. देशपांडे यांचं 'अंमलदार' हे त्याच नाटकाचं मराठी रूप. ज्या नाटकावर आपल्याकडचे प्रेक्षक खुर्चीत लोळून हसले, ते लेखकाच्या स्वतःच्या आवाजात ट्रेव्हीच्या मागच्या दालनात घुमलं होतं.

वोल्कोन्स्काया १८६२ मध्ये रोममध्येच गेली. तिची कबर शोधायला फार लांब जावं लागत नाही. कारंज्यासमोर, चौकाच्या दुसऱ्या टोकाला जे चर्च आहे, त्यातच ती आहे. त्या चर्चमध्ये कित्येक पोपांची आतडी-काळजंही जतन करून ठेवली आहेत. फोटो काढताना तुमचं तोंड नेमकं त्याच बाजूला असतं!

कारंज्याच्या भिंतीमागचं दोन मजली उंचीचं दालन पुढे 'साला दान्ते' म्हणून प्रसिद्ध झालं. १८६६ च्या फेब्रुवारीत कवी दान्तेवरच्या चित्रांचं दालन इथे सुरू झालं, तेव्हा फ्रांत्स लिस्टची 'दान्ते सिंफनी' वाजली, आणि लिस्ट स्वतः हजर होता.

मग १८८० च्या दशकात, रोम नव्या इटलीची राजधानी झाल्यावर, शहरात रस्तारुंदीकरणाची लाट आली. व्हिया देल त्रितोने हा मोठा रस्ता काढताना पलाझो पोलीचा मागचा काही भाग पाडला गेला. पुढून कारंज्याने खाल्लं, मागून रस्त्याने. पुण्यामुंबईच्या वाचकांनी याहून जास्त तपशील विचारू नये.

आज आत काय आहे?

या टप्प्यावर गोष्ट पुन्हा त्या अंध पोपकडे येते.

कारंज्याचं काम चालू असताना, १७३८ मध्ये, रोममधल्या दे रोस्सी घराण्याचा प्रसिद्ध छापखाना विकायला निघाला. त्यांच्याकडे चित्रं छापायच्या तांब्याच्या हजारो पाट्या होत्या. रोमच्या इमारती, चौक, प्राचीन अवशेष, नकाशे, सगळं कोरलेलं. ते इंग्लंडला जाणार अशी चिन्हं दिसू लागली. क्लेमेंट बाराव्याने तो सगळा संग्रह विकत घेऊन रोममध्येच ठेवला आणि त्यासाठी एक सरकारी छापखाना काढला: काल्कोग्राफिया.

या पाट्या काय प्रकार असतो ते थोडक्यात. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण निघालं तिथे आम्ल तांबं खातं आणि खाचा पडतात. खाचांत शाई भरून, वरची पुसून, ओला कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटतं. फोटोग्राफी येण्याआधी जगाने रोम पाहिलं ते मुख्यतः अशा छापचित्रांतून. म्हणजे त्या काळचं इन्स्टाग्रामच म्हणा.

१८३७ मध्ये या छापखान्यासाठी वास्तुकार वालादिएरने पलाझो पोलीला लागूनच नवी इमारत बांधली. तिच्या गल्लीचं नाव 'व्हिया देल्ला स्ताम्पेरिया', म्हणजे छापखान्याची गल्ली. दोनच वर्षांनी पोप सरकारने पॅरिसहून पिरानेसीच्या पाट्या विकत घेतल्या. पिरानेसी म्हणजे १८ व्या शतकातल्या रोमचा सगळ्यात मोठा चित्रकोरक्या. पुढे १९७५ मध्ये काल्कोग्राफिया आणि सरकारी छापचित्रसंग्रह एकत्र करून एक राष्ट्रीय संस्था झाली, आणि तिला शेजारचा पलाझो पोलीही मिळाला. आज तिचं नाव 'इस्तितुतो चेंत्राले पेर ला ग्राफिका'. कोरीव पाट्या, छापचित्रं, रेखाटनं आणि जुने फोटो यांचा हा देशाचा संग्रह. एकट्या पाट्याच २० हजारांहून जास्त आहेत.

म्हणजे ज्या पोपने वाड्याचं मधलं अंग काढून घेतलं, त्यानेच सुरू केलेल्या छापखान्याने अडीचशे वर्षांनी त्याच वाड्यात संसार थाटला.

बाहेर काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहेच. १९५४ मध्ये 'थ्री कॉइन्स इन द फाउंटन' आणि १९६० मध्ये फेलिनीचा 'ला दोल्चे व्हिता' आला, आणि कारंज्याचं नशीब फळफळलं. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त युरोंची नाणी पाण्यातून निघतात आणि कारितास या सेवाभावी संस्थेकडे जातात. २०२४ च्या अखेरीस सफाईनंतर कारंजं पुन्हा उघडलं, तेव्हा एका वेळी ४०० जणांनाच कुंडाजवळ सोडायचं असं ठरलं.

वाड्यात शिरायला रांग नसते. पुढच्या बाजूला दार असेल असं वाटतं, पण तिथे पाणी आहे. बाजूच्या गल्लीत वळायचं. तिथे संस्थेची प्रदर्शनं भरतात, आणि ती चालू असतील तर आत जाता येतं. खिडकीपाशी उभं राहिलं की खाली चौक, माणसांचं डोकं-डोकं आणि वर धरलेले मोबाइल दिसतात. संग्रहातल्या पिरानेसीच्या पाट्यांमध्ये एक ट्रेव्हीची आहे. १७५० च्या सुमाराची, कारंजं पुरं व्हायच्या आधीची. तिच्यावर बारीक रेघांनी वाड्याच्या दोन्ही अंगांच्या खिडक्याही कोरलेल्या आहेत. आणि पाटीवरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून तांब्यावर सगळं उलट्या बाजूने आहे, जणू कारंजं आतून पाहिल्यासारखं.